रक्तदाबाची गोष्ट – लेखांक ६ : डबीतलं बळ, पायातलं बळ

बीपी घरी कसं मोजायचं ते मागच्या लेखांकात पाहिलं. मशीनवर १४५/९२ असे आकडे वारंवार दिसू लागले की घरातून दोन सल्ले हमखास येतात : 'फिरायला जात जा' आणि 'हे घेऊन बघ'. पाळला जातो तो दुसरा, कारण त्यासाठी पहाटे उठावं लागत नाही.

'हे' म्हणजे मॅग्नेशियम, माशाचं तेल, लसणाच्या गोळ्या, बीटाची पावडर वगैरे. सगळंच थोतांड आहे असं नाही. मॅग्नेशियमनं किंवा रोजच्या दोन-तीन ग्रॅम ओमेगा-३नं वरचं बीपी सरासरी दोनेक अंकांनी उतरतं. पण माशाच्या तेलाच्या साध्या हजार मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये ओमेगा-३ असतं जेमतेम तीनशे मिलिग्रॅम. म्हणजे दोन ग्रॅमसाठी रोज सहा-सात कॅप्सूल. दोन अंकांसाठी एवढा खर्च परवडतो का, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

बीटाचं प्रकरण जास्त गमतीचं आहे. त्यातल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात आपल्या जिभेवरचे जिवाणू. पुढे त्याचंच नायट्रिक ऑक्साइड होतं आणि आखडलेल्या रक्तवाहिन्या सैलावतात. त्यामुळे रोज जंतुनाशक माउथवॉशनं चुळा भरणाऱ्याच्या बीटावर निम्मं पाणी पडतं.

हेच नायट्रिक ऑक्साइड चालण्यानं फुकटात मिळतं. भरभर चालताना रक्त जोरात वाहतं, रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर घासतं आणि ते अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं. चालणं नियमित असेल, तर बीपी जास्त असलेल्यांचा वरचा आकडा सरासरी पाच ते आठ अंकांनी खाली येतो. इतका भरवसा कुठल्याच डबीचा देता येत नाही. एका फेरफटक्याचा परिणाम मात्र काही तास, फार तर दिवसभर टिकतो. म्हणून रविवारी दोन तास घाम गाळण्यापेक्षा आठवड्यातून पाच दिवस अर्धा-अर्धा तास बरा. वेग किती? बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांनी तर हीच खूण धरावी, कारण त्या गोळीमुळे नाडी फारशी वाढत नाही. शिवाजी पार्कला दोन फेऱ्या मारून कट्ट्यावर तासभर बसणाऱ्यांचा व्यायाम दोन फेऱ्यांचाच धरायचा! आणि आकडा १८०/११० च्या पुढे असेल तर बूट घालण्याआधी डॉक्टर गाठावा.

'पण हे तर नैसर्गिक आहे, अपाय कसला?' या प्रश्नाचं उत्तर मुंबईतच मिळतं. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधेनं बीपी उतरतं हे रुग्णांवरच्या अनुभवातून मांडलं आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. पुढे तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. ते बीपी खरोखर उतरवायचं. त्याच्याबरोबर काहींना नैराश्यही यायचं, नाक चोंदायचं. गुण देणारी वनस्पती दोषही देते. म्हणून तर तिचा डोस ठरवावा लागतो.

ज्येष्ठमधाचं उलट आहे. खोकल्यासाठी ते रोज भरपूर चघळलं तर शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम घटतं आणि बीपी चढतं. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम क्लोराइड असतं. बऱ्याच जणांना ते हितकारक आहे, पण मूत्रपिंड अधू असलेल्यांनी किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांनी ते विचारल्याशिवाय वापरू नये. रक्तातलं पोटॅशियम बेसुमार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या डब्या, चूर्णं, काढे आणि मिठाचं पाकीटसुद्धा पिशवीत घालून न्या. आणि चालणं सुरू झालं म्हणून चालू असलेली गोळी आपल्या मनानं बंद करू नका.