पाणी निघून जाताना

रात्री टेबलावर ठेवलं तेव्हा ग्रीटिंग अगदी सपाट होतं. जाड पांढऱ्या कागदावर क्लेची पाच पानं आणि मधोमध एक जास्वंद, सगळं ओलं असतानाच फेव्हिकॉलने चिकटवलेलं. सकाळी पाहते तर कार्डाने उन्हातल्या पापडासारख्या कडा उचललेल्या, जास्वंदीच्या पाकळीला चीर गेलेली आणि एक पान सुटून शेजारी पडलेलं. मी आधी क्लेला नावं ठेवली, मग कागदाला. खरा गुन्हेगार रातोरात पसार झाला होता. तो म्हणजे पाणी.

साच्यातून काढलेलं एवढंसं फूल कार्डावर बसवायचं तर तीन ठिकाणच्या पाण्याशी गाठ पडते. एक क्लेमधलं, एक गोंदातलं आणि एक कागद पिऊन घेतो ते. तिघांचे स्वभाव निराळे आहेत, आणि ते ओळखू यायला लागले की कार्ड बिघडलं तरी मजा वाटते.

घरी करतात त्या क्लेचं नाव कोल्ड पोर्सिलीन. नाव भारदस्त, पण त्यात ना चिनी माती ना भट्टी. कॉर्नफ्लॉवर आणि फेव्हिकॉल साधारण सारख्या मापाने, थोडं तेल, आणि बुरशी धरू नये म्हणून जरासं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस. मंद आचेवर हलवत राहायचं. आधी गुठळ्या होतात, सगळं वाया गेलं असं वाटतं, आणि मग एका क्षणी मिश्रण भांड्याच्या कडा सोडून गोळा होतं. मोदकाची उकड काढणाऱ्या कुणालाही हा क्षण वेगळा शिकवावा लागत नाही, कारण घडतं तेच. पिठातल्या स्टार्चचे कण थंड पाण्यात नुसते पडून असतात. साठ-सत्तर अंशांच्या आसपास ते पाणी पिऊन फुगतात आणि एकमेकांत गुंततात. पुढे तेलाच्या हाताने मळणंही उकडीसारखंच. फक्त हे भांडं पुन्हा स्वयंपाकात घ्यायचं नाही.

फेव्हिकॉलची गंमत याहून मोठी आहे. डब्यात तो दुधासारखा पांढरा असतो आणि वाळला की काचेसारखा. मग पांढरा रंग जातो कुठे? मुळात रंग नव्हताच. पॉलिव्हिनाइल ॲसिटेट नावाच्या प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात, त्यांच्यावर आदळून प्रकाश चहूकडे विखुरतो, आणि आपल्याला पांढरं दिसतं. दूध पांढरं दिसण्यामागेही असेच तरंगणारे कण असतात. पाणी उडू लागलं की हे कण जवळ येतात, गर्दीत चेपले जातात आणि शेवटी आपापल्या सीमा पुसून एकसंध पापुद्रा होतात. अडवायला कण उरले नाहीत की प्रकाश आरपार जातो. काळ्या ताटलीवर फेव्हिकॉलचा थेंब ठेवून पाहा. कडेकडून आत स्वच्छ होत जाणारा तो थेंब पाहण्यात माझी एक अख्खी दुपार गेली आहे आणि मला त्याची खंत नाही.

म्हणूनच क्लेचं पांढरंशुभ्र फूल वाळल्यावर मेणासारखं दिसतं आणि कालवलेला रंग गडद होतो. गुलाबी हवा असेल तर फिक्यात फिका गुलाबी मिसळायचा आणि सोबत थोडा पांढरा ॲक्रिलिक रंग.

पाणी गेलं की त्याची जागाही जाते, आणि फूल आकसतं. पण सगळीकडून एकाच वेळी नाही. वरचा थर आधी वाळतो आणि आकसू पाहतो, आतला गाभा अजून ओला आणि फुगलेला. या ओढाताणीतून पाकळीला चीर पडते. त्यामुळे पंख्याखाली वाळवण्याची घाई नडते आणि जाड फुलं जास्त तडकतात. याच आकसण्याचा एक चलाख उपयोगही आहे. वाळलेल्या फुलावरून नवा साचा करायचा, त्यातून काढलेलं फूल वाळवायचं, त्याचा पुन्हा साचा. दर खेपेला लांबी दहा टक्के घटते असं धरलं तर वीस मिलिमीटरचं फूल पाचव्या फेरीत जेमतेम बारा मिलिमीटरचं उरतं. नक्षी सगळी तीच, कोरीवकाम शून्य.

साच्यातून फूल सुटतं कसं, हेही पाहण्यासारखं आहे. आपल्या मोदकाच्या साच्याला आतून तूप लावतात. पेणचे कारागीर शाडूची माती प्लॅस्टरच्या साच्यात दाबतात तेव्हा प्लॅस्टरच मातीच्या पृष्ठभागावरचं पाणी शोषतं, माती किंचित आकसते आणि अंग सोडते. बाजारातला सिलिकॉनचा साचा उलट वागतो, पाण्याला जवळच करत नाही. सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या लांब साखळ्या, आणि त्यांच्या बाहेरच्या अंगाला पाण्याशी फटकून वागणारे अणुगट. त्यामुळे चिकटायला कुणाला फारसा वाव नाही. शिवाय तो रबरासारखा वाकतो. फूल ओढून काढायचं नसतं, साचाच फुलावरून सोलून काढायचा असतो.

साच्याचं वेड आपल्याकडे जुनं आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला उत्खननात सातवाहनकाळातल्या केओलिनच्या, म्हणजे पांढऱ्या मातीच्या, मूर्ती सापडल्या. पुढची बाजू एका साच्यात, मागची दुसऱ्यात, मग दोन्ही भाग जोडून आतून पोकळ. तेरच्या लामतुरे संग्रहालयात त्या पाहताना मला माझी तडकलेली जास्वंद आठवली. भरीव माती वाळताना आणि भाजताना तडकायचा धोका जास्त, पातळ आणि पोकळ मातीला तो कमी. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या हातांना हे नक्की ठाऊक असणार.

पण कार्डावरच्या फुलाचा सख्खा पूर्वज इंग्लंडमध्ये सापडतो. स्टॅफर्डशायरच्या जोसाया वेजवुडने १७७०च्या दशकात जॅस्परवेअर नावाची भांडी काढली. फिक्या निळ्या पृष्ठभागावर पांढऱ्या नाजूक आकृत्या. या आकृत्या भांड्यावर कोरलेल्या नसतात. छोट्या साच्यात माती दाबून, मागची बाजू सपाट करून, पाण्याचा हात लावून त्या ओल्या भांड्यावर चिकटवतात. म्हणजे आपलं कार्डच की, फक्त कागदाच्या जागी भांडं. मग तिथे आकृत्या सुटून का पडत नाहीत? कारण भांडं आणि आकृती एकाच जातीच्या मातीची, दोन्ही ओली, दोन्ही जवळपास सारखीच आकसणारी. आमची क्ले मात्र आकसते आणि खालचा कागद त्याच वेळी स्वतःचंच काहीतरी चालवतो.

तो काय चालवतो, हे जुन्या वाड्यातल्या कुणालाही विचारा. पावसाळ्यात लाकडी दार फुगतं आणि चौकटीत अडकतं. ते रुंदीला फुगतं, उंचीला नाही. कारण लाकडातला तंतू पाणी प्यायला की जाडीत फुगतो, लांबीत नावापुरता. कागद म्हणजे त्याच तंतूंची लगदा करून पसरलेली चादर. गिरणीत तो धावत्या जाळीवर तयार होतो, आणि ओढ्यातल्या काड्यांसारखे बरेचसे तंतू धावण्याच्या दिशेने लागतात. त्यामुळे प्रत्येक कार्डशीटला एक दिशा असते. ओला गोंद लागला की कागद तिच्या आडव्या अंगाने पसरतो, वाळताना त्याच अंगाने आखडतो, आणि कार्डाचा पापड होतो. दिशा ओळखायला शीट अर्धवट दुमडून तळहाताने हलकेच दाबायची. ज्या बाजूने सहज वाकेल ती दिशा. कार्डाची घडीही तिच्याच बाजूने घालायची, नाहीतर घडीवर कागद तडकतो.

पुण्याच्या हातकागद संस्थेतला कागद इथे वेगळा पडतो. हातकागदात जाळीची चौकट लगद्याच्या पाण्यात बुडवून उचलतात आणि हाताने हलवतात. तंतू वाट्टेल तसे पडतात, म्हणून असा कागद एका बाजूला हट्टाने वळत नाही. फुलांच्या कार्डासाठी मी तोच घेते. महाग पडतो, पण रागावायची वेळ कमी येते.

आता माझी रीत ठरली आहे. फूल साच्यातून काढून वेगळंच दोन दिवस वाळू द्यायचं. त्याची पाठ सँडपेपरवर घासून सपाट करायची. मग फेव्हिकॉलचा अगदी पातळ हात, आणि वाळेपर्यंत कार्डाच्या कडांवर जाड पुस्तकं. ज्यांना पाण्याची कटकटच नको त्यांच्यासाठी दोन गोळे एकत्र मळायची इपॉक्सी क्ले मिळते. ती पाणी उडून नव्हे, दोन रसायनं एकमेकांना धरून कडक होते आणि फारशी आकसत नाही. सोय आहे खरी, पण मला त्यात वाट पाहायला काही उरत नाही.

सामानासाठी मी मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटला जाते, आणि जाताना मार्केटच्या दारावरचे दगडी शिल्पपट्टे हमखास पाहते. ते लॉकवुड किपलिंग यांचे. तरुणपणी त्यांनी स्टॅफर्डशायरमध्येच, मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात उमेदवारी केली. मग लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियममध्ये काम केलं आणि १८६५ साली ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायला आले. त्या म्युझियमचे प्रमुख होते हेन्री कोल. हेच ते कोल, ज्यांनी १८४३ साली नाताळच्या पत्रांना उत्तरं लिहायचा कंटाळा म्हणून चित्रकार जॉन हॉर्सली यांच्याकडून एक चित्र काढून घेतलं आणि त्याच्या हजारेक प्रती छापल्या. पहिलं छापील नाताळ कार्ड म्हणून तेच ओळखलं जातं. किंमत एक शिलिंग, तेव्हाच्या मानाने चांगलीच महाग. पत्र मात्र एका पेनीत देशभर जायचं, कारण १८४० सालच्या स्वस्त टपालयोजनेच्या उभारणीतही कोल यांचा हात होता.

कोल यांचं कार्ड सपाट होतं, त्याला टपालाची भीती नव्हती. आमच्या फुलाला आहे. एक कार्ड पोचलं तेव्हा जास्वंदीचा चुरा झालेला होता आणि पाकिटावर शिक्का बरोबर तिच्या डोक्यावर बसलेला. तेव्हापासून फूल तीन मिलिमीटर जाडीचं असेल तर त्याच्याभोवती पुठ्ठ्याची चार मिलिमीटर जाडीची चौकट चिकटवते. शिक्का बसला तर चौकटीवर बसतो. आणि पत्ता गावातलाच असेल तर कार्ड पिशवीत घालून मीच देऊन येते.