फोन टेकवला, काम झालं

यंत्राला फोन टेकवून पैसे देणं आज अनेकांच्या अंगवळणी पडलं आहे. या सवयीची तालीम मात्र बटणांच्या फोनवर झाली, तीही खऱ्या गावांत, खऱ्या माणसांच्या हातून.

यामागचं एनएफसी तंत्र सोनी आणि फिलिप्स यांनी 2002 मध्ये पुढे आणलं. 13.56 मेगाहर्ट्झच्या लहरी आणि जेमतेम काही सेंटिमीटरचं अंतर, एवढ्यावर ते चालतं. प्रयोगशाळेत ते चालणारच होतं. बसथांब्यावर, दुकानात, घरच्या टेबलावर चालेल का, हा खरा प्रश्न होता.

फ्रान्समधल्या काँ शहरात ऑक्टोबर 2005 पासून सहा महिने सुमारे 200 नागरिक सॅमसंगचे खास फोन घेऊन वावरले. दुकानातली खरेदी, पार्किंगचे पैसे, फलकाला फोन टेकवून मिळणारी माहिती, सगळं त्यात होतं. जर्मनीतल्या हानाऊमध्ये बसचं तिकीट नोकिया 3220 वर आलं आणि 2006 मध्ये ती नियमित सेवा झाली.

पण मनात घर करतो तो फिनलंडमधल्या औलू शहराचा प्रयोग. तिथे काही वृद्धांना घरपोच जेवण मिळत असे. 'स्मार्टटच' या युरोपीय प्रकल्पात व्हीटीटी या संशोधन संस्थेने त्यांच्यासाठी पदार्थांची कार्डं तयार केली. हव्या त्या पदार्थाला फोन टेकवला, की मागणी नोंदली जाई. मेनू शोधायचा नाही, बारीक अक्षरांशी झुंजायचं नाही, थरथरत्या बोटाने नेमकं बटण गाठायचं नाही. नवं तंत्र म्हाताऱ्या माणसांना झेपत नाही, असं आपण सर्रास म्हणतो. औलूच्या आजी-आजोबांनी ते चटकन आत्मसात केलं. त्यांना जड जात होतं ते तंत्र नव्हे, फोनच्या पडद्यावरची गुंतागुंत.

लंडनमध्ये ओटू या मोबाइल कंपनीने नोव्हेंबर 2007 मध्ये 500 जणांना नोकिया 6131 दिला. त्यात प्रवासाचं ऑयस्टर कार्ड होतं आणि पैसे देण्याचं बार्कलेकार्डही. सहा महिन्यांनी दहापैकी नऊ जणांनी समाधान व्यक्त केलं. माणसं पास झाली होती. अडलं ते बाकीच्यांचं. भुयारी रेल्वेच्या गेटला अर्ध्या सेकंदात व्यवहार पुरा व्हायला हवा होता, नाहीतर मागे रांग तुंबते. फोन तेवढे चपळ नव्हते. शिवाय कार्डाची गुप्त माहिती सिममध्ये ठेवायची की फोनच्या चिपमध्ये, म्हणजेच ग्राहक कोणाचा, यावर मोबाइल कंपन्या, बँका आणि फोन बनवणारे यांचं वर्षानुवर्षं जमेना.

भारतात 2009 मध्ये सिटीबँकेने बंगळुरूत अशीच चाचणी घेतली. पुढे आपल्याकडे बाजी मारली ती क्यूआर कोडने, आणि ते स्वाभाविकच होतं. फोन टेकवायचा तर दुकानदाराकडे यंत्र हवं. क्यूआरला छापील कागद पुरतो. भाजीच्या गाडीवरही तो चिकटवता येतो.

तिकडे लंडनच्या भुयारी रेल्वेची गेट्स 16 सप्टेंबर 2014 रोजी बँकांच्या स्पर्शविरहित कार्डांसाठी खुली झाली. फोन टेकवून पैसे देण्याची ॲपल पे सेवा ब्रिटनमध्ये सुरू झाली 14 जुलै 2015 रोजी. तोवर त्या 500 लंडनकरांच्या चाचणीला सात वर्षं उलटून गेली होती.