निवटी मासा की बेडूक?

कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याजवळचा खाडीपूल ओलांडला की भिवंडी तालुक्यातलं कोन लागतं. उल्हास नदीच्या खाडीकाठचं हे गाव. वर्गीकरण शिकवायला खाडी आणि मासळीबाजार पुरेत, फळ्याचं काम नंतर!

आठवीच्या मुलांना व्हिटाकरने 1969 मध्ये मांडलेल्या पाच सृष्टी पाठ कराव्या लागतात: मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती आणि प्राणी. पाठ होतात, आणि परीक्षेनंतर उडूनही जातात.

त्यापेक्षा टोपलीपासून सुरुवात करावी. कोळणीच्या लेखी बोंबील, जवळा, चिंबोरी, माकूल, तिसऱ्या ही सगळी ‘मासळीच’. तिची वर्गवारी चूक नाही, ती कालवणाच्या सोयीची आहे. पण मुलांना पाठीचा कणा शोधायला सांगितला, तर पाचांतून एकटा बोंबील उरतो. जवळा आणि चिंबोरीला सांधे असलेले पाय आणि बाहेरून कवच, म्हणून ती संधिपाद. खरी गंमत पुढे आहे. शिंपल्यात बसलेली तिसरी आणि झपकन पोहणारं माकूल चक्क एकाच संघातले, मृदुकाय! माकुलाचं कवच आत दडलेलं असतं. साफ करताना ती पारदर्शक, प्लॅस्टिकसारखी पट्टी हाताला लागते.

खाडीच्या चिखलात उड्या मारणारी निवटी मात्र भल्याभल्यांना चकवते. डोळे डोक्यावर, ओहोटीत पाण्याबाहेर सरपटणं. मुलं हमखास ‘बेडूक’ म्हणतात. मग तिचे ‘पाय’ जवळून बघायला सांगावं. ते पर असतात. कल्ल्यांजवळ पाणी धरून आणि ओल्या त्वचेतून श्वास घेत ती चिखलात वावरते, पण असते मासाच.