कुंडींतील पाम आणि त्यावरील कीड

वर्ध्याला लागून असलेल्या सावंगी (मेघे) येथें वैद्यकीय महाविद्यालय व आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय यांच्या भोंवतीं वसाहत वाढली आणि तिच्याबरोबर व्हरांड्यांतून, दिवाणखान्यांतून कुंड्यांची शोभाही वाढली. या कुंड्यांत पामचा मान मोठा. त्यांतही ज्यास सर्वत्र ‘अरेका पाम’ म्हणतात, तो मूळचा मादागास्कर बेटावरचा. आपल्या कोंकणांतील सुपारीचा तो केवळ दूरचा नातलग. दमट हवेचा हा पाहुणा विदर्भाच्या उन्हाळ्यांत, पारा ४५ अंशांच्या घरांत जातो तेव्हां, हैराण होतो. आणि अशक्त देहास रोग, तशी अशक्त झाडास कीड लवकर जडते. मग “पानें पिवळीं पडलीं, आतां औषध कोणतें मारूं?” असा प्रश्न घरोघर निघतो. आमचें उत्तर असें कीं, औषध मागाहून, आधीं निदान.

कीड नसलेली कीड

पुष्कळ वेळां जिला कीड समजतात, ती कीडच नसते. अरेकाच्या कोवळ्या खोडावर पांढरी भुकटी दिसते. तें झाडानेंच निर्मिलेलें मेण होय. देठांवरील बारीक काळे ठिपकेही बहुधा उपजतच असतात. पानांचीं केवळ टोकें करपलीं असतील, तर दोष कोरड्या हवेचा, अपुऱ्या पाण्याचा किंवा कूपनलिकेच्या क्षारयुक्त पाण्याचा असण्याचा संभव अधिक. तळचें एखादें जुनें पान पिवळें पडणें, हा तर वयोधर्मच. अशा झाडावर विष फवारणें म्हणजे निरोग्यास कडू काढा पाजणें होय.

खरे शत्रू

शत्रूचा शोध पानाच्या पाठीवर, देठांच्या बेचक्यांत आणि नव्या सुरळींत घ्यावा. हातीं भिंग असल्यास उत्तम.

उन्हाळ्यांतला पहिला शत्रू म्हणजे लाल कोळी. हा कीटक नव्हे, आठ पायांचा कोळ्याचाच सोयरा. टांचणीच्या टोकाहूनही लहान. पानावर पिवळट बारीक ठिपक्यांची दाटी होते आणि पान धुळीनें माखल्यासारखें निस्तेज दिसतें. पानाखालीं पांढरा कागद धरून पान हलकेंच झटकावें. कागदावरचे ठिपके चालूं लागले, कीं निदान पक्कें. उष्ण व कोरड्या हवेंत याची एक पिढी आठवड्याभरांत पुरी होते. म्हणून चार दिवसांची हयगयही महाग पडते.

दुसरा पिठ्या ढेकूण. देठांच्या बेचक्यांत कापसाचे पुंजके चिकटल्यासारखे दिसतात. याचे जातभाई कपाशीच्या शेतकऱ्यांच्या चांगलेच परिचयाचे आहेत. तिसरी खवले कीड. तपकिरी वा करड्या रंगाचे, जागचे न हलणारे लहान उंचवटे. नखानें खरवडल्यास ते निघून येतात. डाग असेल तर निघत नाहीं. चौथी चक्राकार पांढरी माशी. ती भारतांत २०१६ सालीं तामिळनाडूंत पोल्लाचीच्या नारळबागांत आढळली आणि पुढें इतरत्र पसरली. पानाच्या पाठीवर ती पांढऱ्या मेणाचीं वर्तुळें काढते.

पिठ्या ढेकूण, मऊ खवले कीड आणि पांढरी माशी मधासारखा चिकट द्रव टाकतात. त्यावर मुंग्या जमतात व काळी काजळी धरते. कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली, तर मुंग्यांवर न रागावतां वर काय आहे तें पाहावें.

घरगुती उपचार

बाधित कुंडी प्रथम इतरांपासून दूर न्यावी. मग मोरीवर किंवा अंगणांत नेऊन पानाची पाठ पाण्याच्या जोरदार धारेनें धुवावी. लाल कोळ्यावर याहून सोपा उपाय नाहीं. पिठ्या ढेकणास कापसाचा बोळा स्पिरिटांत बुडवून टिपून घ्यावें. खवले जुन्या मऊ दांतघासणीनें हलकेंच काढावे.

नंतर फवारणी. एक लिटर पाण्यांत ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि तें मिसळण्यापुरता थोडा पातळ साबण घालून चांगलें घुसळावें. अथवा वाळलेल्या निंबोळ्यांची ५० ग्रॅम भरड एक लिटर पाण्यांत रात्रभर भिजवून वस्त्रगाळ करावी. हाच शेतकऱ्यांचा पांच टक्के निंबोळी अर्क. कपडे धुण्याची पूड मात्र वापरूं नये. पहिल्यानें एकाच पानावर फवारून दोन दिवस वाट पाहावी. फवारणी सायंकाळीं करावी, भर उन्हांत नव्हे. अंडीं यानें सहसा मरत नाहींत. म्हणून सात ते दहा दिवसांच्या अंतरानें निदान तीन वेळां ती केलीच पाहिजे. एका फवारणीनें गुण आला नाहीं म्हणून उपाय सोडणारे येथेंच फसतात.

विष घरांत नको

आमच्या मतें या विषयाचा खरा गाभा पुढेंच आहे. हा कापसाचा मुलूख, शेतावरची कीटकनाशकाची अर्धी बाटली कोणाच्याही घरीं सहज सांपडते, आणि “दोन थेंब कुंडींत टाकले तर काय होतें?” असा मोह होतो. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत २०१७ सालीं कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी व शेतमजूर प्राणांस मुकले, हें विसरतां कामा नये. उघड्या शेतांत जें माणसाचा जीव घेतें, तें रांगत्या मुलाच्या दिवाणखान्यांत कसें आणावें? जुन्या लोकांचा तंबाखूचा काढाही टाळावा. त्यांतील निकोटिन त्वचेवाटेंही अंगांत भिनतें. निंबोळी तेलसुद्धां मुलांच्या हातीं लागूं देऊं नये. तें पोटांत गेल्यास अपाय होतो.

विषाचा आणखी एक तोटा असा कीं, तें मित्रही मारतें. पिठ्या ढेकूण खाणारा एक भुंगेरा १८९८ सालीं ऑस्ट्रेलियांतून मुद्दाम भारतांत आणला गेला. त्याची अळी पांढऱ्या मेणानें झांकलेली, म्हणजे थेट पिठ्या ढेकणासारखीच दिसते. चपळ चालणारा मोठा ‘ढेकूण’ दिसला, तर मारण्यापूर्वीं नीट पाहावें.

विकत आणलेली नवी कुंडी दोन-तीन आठवडे निराळी ठेवावी. आठवड्यांतून एकदां ओल्या फडक्यानें पानें दोन्ही बाजूंनीं पुसावीं. पाणी बोटभर माती कोरडी झाल्यावरच द्यावें, आणि वैशाखांत झाड दुपारच्या झळेपासून दूर सांवलींत हलवावें. हें काम घरांतील मुलांकडे सोंपवावें, अशी आमची सूचना आहे. पान उलटून पाहण्याची संवय ज्या मुलास लागली, तें पुढें कोणतीही गोष्ट वरवर पाहून मत देणार नाहीं.