ब्राउझर सांगतो ते नाव

लोअर परळच्या गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले आणि जाहिरातींत 'अप्पर वरळी' असा पत्ता झळकू लागला. पोस्टमन मात्र पिनकोड बघतो, आणि तो लोअर परळचा ४०००१३च असतो. वजनदार नाव लावून आत शिरण्याचा हा प्रकार इंटरनेटवर १९९०च्या दशकापासून चालू आहे. कुठलीही वेबसाइट उघडताना आपला ब्राउझर तिला एका ओळीत स्वतःची ओळख सांगतो. या ओळीला 'यूजर एजंट' म्हणतात. समोर मोबाइल आहे की कॉम्प्युटर, क्रोम की सफारी, हे अनेक साइट तिच्यावरून ठरवतात. पण ही ओळख जवळजवळ पहिल्यापासून उसनी आहे. नेटस्केपचं सांकेतिक नाव मोझिला. सजवलेली पानं साइट मोझिलालाच देतात हे पाहून इंटरनेट एक्सप्लोररनेही तेच नाव लावलं. पुढे सफारीने 'गेकोसारखा' (गेको म्हणजे मोझिलाचं पान मांडणारं इंजिन) असं जोडलं, क्रोमने सफारीचंही नाव घेतलं. आज अँड्रॉइडवरचा क्रोम सांगतो: मोझिला, लिनक्स, अँड्रॉइड १०, के, ॲपलवेबकिट, गेकोसारखा, क्रोम, मोबाइल, सफारी. यातला 'के' म्हणजे फोनचं मॉडेल नाही, आणि '१०' ही खरी आवृत्ती असेलच असं नाही. वापरणाऱ्याचा माग काढता येऊ नये म्हणून गूगलने २०२३मध्ये हे दोन्ही तपशील सगळ्या फोनांना सारखेच करून टाकले.

नावावर विसंबण्याची किंमत मराठी वाचकाने मोजलेली आहे. मराठी मजकूर वेबवर येऊ लागला तेव्हा युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांसाठीची समान संकेतप्रणाली, रुळला नव्हता. प्रत्येक साइटचा फॉन्ट वेगळा, तो पानासोबत पाठवावा लागे. त्यातही १९९७च्या नेटस्केपला फॉन्ट 'पीएफआर' स्वरूपात लागे, एक्सप्लोररला 'ईओटी' स्वरूपात. म्हणजे आधी ब्राउझर ओळखा, मग फॉन्ट द्या. २०००मध्ये नेटस्केप ६ने पीएफआर सोडून दिलं, आणि २००४मध्ये आलेल्या फायरफॉक्सला दोन्ही स्वरूपं वाचता येत नव्हती. वाचकाला बातमीच्या जागी रोमन अक्षरं दिसत, काहींच्या डोक्यावर टिंबं, मधेच पौंडाचं चिन्ह. ब्राउझर आणखी अचूक ओळखून हा प्रश्न सुटला नाही. तो सुटला युनिकोडमुळे, आणि विंडोजसोबत आलेल्या, र. कृ. जोशींनी घडवलेल्या 'मंगल'सारख्या फॉन्टमुळे. अक्षर सर्वांना सारखं कळू लागल्यावर ब्राउझरचं नाव विचारायचं कारणच उरलं नाही.

मग उपकरण ओळखूच नये का? काही ठिकाणी ओळखावंच लागतं. ॲप उतरवण्याची लिंक द्यायची तर आयफोन की अँड्रॉइड हे कळायला हवं. एखाद्या आवृत्तीतच दोष असेल, तर तिच्यापुरती तजवीज करावी लागते. हे आक्षेप मला मान्य आहेत. पण जुन्या फोनला हलकं पान देण्यासाठी नाव हवं, हा युक्तिवाद पटत नाही. महागडा फोनसुद्धा लोकलच्या गर्दीत दादर ओलांडताना रेंज गमावतो, आणि नावातून रेंज कळत नाही. पान सगळ्यांनाच हलकं द्यावं, हे उत्तर सोपं आहे आणि खरंही. शिवाय नाव फसवतंही: २०१९पासून आयपॅड स्वतःला मॅक कॉम्प्युटर म्हणवतो. नावावरून वर्गवारी करणारी साइट त्याला माऊस फिरवल्यावर उघडणारे मेनू देते, आणि बोटाने ते नीट उघडत नाहीत. त्याऐवजी पडद्याची रुंदी किती, बोट वापरलं जातंय की माऊस, अमुक सोय आहे की नाही, हे पानाला थेट तपासता येतं. रुंदीप्रमाणे मांडणी बदलणाऱ्या पानांची कल्पना ईथन मार्कोट यांनी २०१०मध्येच मांडली होती.

मराठी साइट बनवणाऱ्यांना म्हणूनच विनंती आहे. 'ही साइट अमुक ब्राउझरमध्येच उत्तम दिसते' ही पाटी कुठे उरली असेल तर ती काढा, आणि चाचणीसाठी ऑफिसातला नवा फोन बाजूला ठेवून लालबागच्या वाचकाच्या हातातला चार-पाच वर्षं जुना फोन घ्या.