केरूनाना छत्रे : वेधशाळेपासून पंचांगापर्यंत

केरो लक्ष्मण छत्रे यांचा जन्म 1825 मध्ये अलिबागजवळच्या नागाव येथे झाला. पुढे ते केरूनाना या नावानेच ओळखले गेले. शिक्षण मुंबईत, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये. तेथे प्रा. ऑर्लेबार यांनी त्यांची गणितातील गती हेरली आणि 1840 मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास, ते कुलाबा वेधशाळेत नोकरीला लागले.

जर्मनीत गाऊस याने पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या अभ्यासाला तेव्हा मोठी चालना दिली होती आणि ठिकठिकाणच्या वेधशाळा चुंबकसुईची सूक्ष्म हालचाल नोंदवू लागल्या होत्या. कुलाब्यातही चुंबकीय नोंदींबरोबर हवेचा दाब व तापमान टिपले जाई. काम कंटाळवाणे खरे. पण मोजून पाहिल्याशिवाय आकड्यावर विसंबायचे नाही, ही शिस्त येथेच अंगी बाणते.

1851 मध्ये पुण्यातील संस्कृत पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज निघाले. त्याच वर्षी केरूनाना पुण्यात शिकवू लागले. गणित आणि पदार्थविज्ञान हे त्यांचे विषय. मुंबई विद्यापीठ 1857 चे, त्यामुळे पदवी त्यांच्याजवळ नव्हतीच. तरीही पुढे डेक्कन कॉलेज झालेल्या या संस्थेत ते प्राध्यापकपदापर्यंत पोहोचले. लोकमान्य टिळक तेथे त्यांच्याकडेच गणित शिकले.

त्यांचे सर्वांत टिकाऊ काम मात्र वर्गाबाहेरचे आहे. तेव्हाची मराठी पंचांगे प्रामुख्याने गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघवा’वरून होत. हा ग्रंथ 1520 चा. सोपा, म्हणूनच लोकप्रिय. पण त्याच्या गणितातील बारीक चुका तीन शतकांत साचल्या होत्या, आणि ग्रहणाची वेळ चुकली की ती कोणालाही दिसे. केरूनानांनी युरोपीय गणिताच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ 1860 मध्ये मराठीत प्रसिद्ध केली. आबासाहेब पटवर्धन यांच्या पाठबळाने 1865 पासून तशा गणिताचे पंचांगही छापले जाऊ लागले. तेच पटवर्धनी पंचांग.

गणित सुधारले, पण वाद मिटला नाही. संपातबिंदू, म्हणजे सूर्य खगोलीय विषुववृत्त ओलांडतो ती आकाशातील जागा, सुमारे 72 वर्षांत एक अंश सरकतो, म्हणून राशिचक्राचा आरंभ कोठे धरायचा हे ठरवावे लागते. केरूनानांनी मीन राशीतील झीटा पिशियम हा तारा रेवती नक्षत्राचा योगतारा (मुख्य तारा) मानून तेथून आरंभ धरला. चित्रा तारा प्रमाण मानणाऱ्यांच्या गणिताशी यात सुमारे चार अंशांचा फरक पडतो. आकडा लहान वाटला तरी सूर्याला तेवढे सरकायला चार दिवस लागतात. संक्रांतीची तारीख बदलते आणि काही वर्षी अधिक महिनाही वेगळा येतो. तारा निवडणे ही शेवटी संकेताची बाब; दुर्बिणीने तिचा निकाल लागत नाही. येथे विरोधकांना केवळ अडाणी ठरवणे अन्यायाचे होईल.

सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. 1879 मध्ये ते निवृत्त झाले आणि 1884 मध्ये त्यांचे निधन झाले. पंचांगसुधारणेचा धागा पुढे टिळकांनी उचलला. 1904 मध्ये मुंबईत आणि 1920 मध्ये सांगलीत ज्योतिषांच्या परिषदा भरल्या, आणि रेवतीपासून आरंभ धरणारे, म्हणजे रेवतीपक्षाचे, गणित टिळक पंचांगात कायम राहिले.