बीएड करायचं ठरवताय? दोन वर्षांत नेमकं काय मिळतं आणि पुढची वाट कशी असते, समजून घ्या

ग्रॅज्युएशनचा निकाल लागला की घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'बीएड करून टाक, शिक्षकाची नोकरी चांगली असते.' त्याच वेळी सोशल मीडियावर उलटं ऐकायला मिळतं. 'बीएड करून काय उपयोग? भरती कुठेय?'

दोन्ही बाजूंमध्ये थोडं थोडं तथ्य आहे. पण दोन वर्षं आणि घरचे पैसे लावायचे असतील, तर अर्ध्या माहितीवर निर्णय घेऊन चालत नाही. म्हणून बीएडमध्ये काय शिकवतात, आर्थिक आधार कुठून मिळतो आणि डिग्रीनंतर कोणते दरवाजे उघडतात, हे एक एक करून पाहूया.

प्रवेश कोणाला मिळतो?

महाराष्ट्रात बीएडसाठी राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पदवीला खुल्या प्रवर्गासाठी किमान ५० टक्के आणि राखीव प्रवर्गासाठी ४५ टक्के गुण लागतात. इंजिनिअरिंगच्या पदवीधरांसाठी ही अट ५५ टक्क्यांची आहे.

सीईटीत १०० प्रश्न आणि ९० मिनिटं असतात. बौद्धिक क्षमतेवर ४०, सामान्य ज्ञानावर ३० आणि शिक्षक अभियोग्यतेवर ३० प्रश्न. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. इंग्रजी माध्यमातून बीएड करायचं असेल, तर इंग्रजीची वेगळी चाचणीही द्यावी लागते.

या प्रवेशाला वयाची कमाल मर्यादा नाही. त्यामुळे लग्नानंतर, मुलं शाळेत जायला लागल्यावर किंवा आधीची नोकरी सोडून बीएडला येणाऱ्या महिला वर्गात दिसतात. वय वाढलं म्हणून ही वाट बंद होत नाही.

दोन वर्षं कशासाठी?

पूर्वी बीएड एका वर्षाचं होतं. न्या. जे. एस. वर्मा आयोगाने २०१२ मध्ये शिक्षक प्रशिक्षणाच्या दर्जावर बोट ठेवलं. त्यानंतर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीटीईने, २०१४ मध्ये नवे नियम आणले आणि २०१५-१६ पासून अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला.

वाढलेल्या वेळेचा मोठा भाग प्रत्यक्ष शाळेत जातो. दोन वर्षांत मिळून २० आठवडे शाळेत काढायचे असतात, त्यातले १६ आठवडे दुसऱ्या वर्षी. यालाच इंटर्नशिप किंवा छात्रसेवाकाल म्हणतात. तासिकांना ८० टक्के आणि इंटर्नशिपला ९० टक्के हजेरी बंधनकारक आहे.

म्हणूनच 'कॉलेजला यायची गरज नाही, फक्त परीक्षेला या' असं कोणी सांगत असेल, तर सावध व्हा. नियम मोडला जातोच, शिवाय तुम्ही जे शिकायला पैसे भरताय तेच हातातून जातं.

वर्गात उभं राहायला कसं शिकवतात?

अनेकांना सगळ्यात जास्त भीती याचीच असते. विषय येतो, पण ४०-५० मुलांसमोर बोलायचं कसं?

त्यासाठी सुरुवात छोट्या तुकड्यांपासून होते. त्याला सूक्ष्म अध्यापन किंवा मायक्रो टीचिंग म्हणतात. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६० च्या दशकात ही पद्धत विकसित झाली. समोर खरी शाळकरी मुलं नसतात, आपलेच पाच-दहा वर्गमित्र असतात. एका वेळी एकच कौशल्य घ्यायचं. कधी प्रश्न विचारणं, कधी फलकलेखन, कधी उदाहरण देऊन समजावणं.

भारतात यासाठी ३६ मिनिटांचं चक्र प्रचलित आहे. सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं सहकाऱ्यांचं आणि प्राध्यापकांचं म्हणणं ऐकायचं, बारा मिनिटांत पाठ पुन्हा बांधायचा, सहा मिनिटं पुन्हा शिकवायचं आणि शेवटची सहा मिनिटं पुन्हा प्रतिक्रिया.

आपलं चुकलेलं लगेच सुधारायची संधी इथे मिळते. 'तू फळ्याकडे तोंड करून बोलतेस' किंवा 'प्रश्न विचारून उत्तराची वाटच पाहत नाहीस' हे मित्रांकडून कळणं सोपं जातं. एकदा पूर्ण वर्गासमोर उभं राहिलं, की असं थांबवून सांगणारं कोणी नसतं.

पुढे सराव पाठ येतात. प्रत्येकाचं पाठ टाचण आधी मार्गदर्शक प्राध्यापकांकडून तपासून घ्यायचं असतं. हे लिखाण कंटाळवाणं वाटतं, सीनियरची वही उतरवून काढायचा मोह होतो. पण '३५ मिनिटांत मुलांना नेमकं काय यायला हवं?' हा प्रश्न टाचण लिहितानाच पडतो. तयार वही उतरवली की तो पडतच नाही.

पैशांची सोय कशी होते?

खासगी विनाअनुदानित कॉलेजांची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. त्यामुळे प्रवेशाआधी कॉलेजची मंजूर फी किती आहे ते तपासा. त्याहून जास्त पैसे मागितले, तर लेखी पावतीचा आग्रह धरा.

शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करायचा असतो. काही महत्त्वाच्या योजना अशा:

- भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती: अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी, कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये.
- राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती: खुल्या प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी.
- मुलींसाठी शुल्कमाफी: जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींसाठी.
- स्वाधार आणि स्वयं योजना: वसतिगृहात जागा न मिळालेल्या, अनुक्रमे अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. शुल्क सवलतीसाठी प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला असावा लागतो. घाईघाईत व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला, तर सवलत हातची जाते. उत्पन्नाचा दाखला, जात प्रमाणपत्र आणि आधारशी जोडलेलं बँक खातं निकालाआधीच तयार ठेवा.

बीएडनंतर कोणत्या वर्गाला शिकवता येतं?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे.

- पहिली ते पाचवी: बीएड चालत नाही. २०१८ मध्ये एनसीटीईने बीएडधारकांना मुभा दिली होती, पण ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. लहान मुलांना शिकवायचं असेल तर डीएलएड करा.
- सहावी ते आठवी: पदवी, बीएड आणि टीईटीचा दुसरा पेपर.
- नववी-दहावी: पदवी आणि बीएड.
- अकरावी-बारावी: पदव्युत्तर पदवी आणि बीएड.

टीईटी १५० गुणांची असते. उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ५५ टक्के. एकदा पास झालात की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं.

आणि नोकरी?

जिल्हा परिषद, महापालिका आणि अनुदानित शाळांमधली भरती पवित्र पोर्टलमार्फत होते. त्यासाठी टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी द्यावी लागते. ती २०० गुणांची असते. नावं सारखी असली तरी टीईटी आणि टेट या वेगळ्या परीक्षा आहेत. टीईटीमधून पात्रता मिळते, टेटच्या गुणांवर निवड ठरते.

खरी अडचण वेळेची आहे. टेट पहिल्यांदा डिसेंबर २०१७ मध्ये झाली, दुसरी थेट २०२३ मध्ये आणि तिसरी २०२५ मध्ये. म्हणजे परीक्षा दरवर्षी होईल असं धरून चालता येत नाही. निवड झाल्यावरही पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काम करावं लागतं. जानेवारी २०२३ पासून हे मानधन प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार रुपये आहे.

याशिवाय केंद्रीय विद्यालयं, नवोदय विद्यालयं आणि खासगी सीबीएसई शाळा हे पर्याय आहेत. केंद्राच्या शाळांसाठी सीटीईटी उपयोगी पडते. एकाच भरतीकडे डोळे लावून बसण्यापेक्षा बीएडच्या दुसऱ्या वर्षीच या परीक्षांची तयारी सुरू केलेली बरी.

नियम बदलतायत, मग थांबावं का?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार २०३० पर्यंत चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम ही शिक्षकाची किमान पात्रता करायची आहे. बारावीनंतरचा असा अभ्यासक्रम, आयटीईपी, २०२३-२४ पासून काही संस्थांमध्ये सुरू झाला. पण तो बारावीनंतरचा आहे. तीन वर्षांची पदवी हातात असेल, तर तुमची वाट आजही दोन वर्षांच्या बीएडचीच आहे.

प्रवेशाआधी कॉलेजला विचारा हे पाच प्रश्न

१. कॉलेजला एनसीटीईची मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता आहे का?
२. माझ्या विषयाची अध्यापन पद्धती इथे आहे का, आणि ती शिकवणारे प्राध्यापक आहेत का?
३. इंटर्नशिप कोणत्या शाळांत होते?
४. सराव पाठाला मार्गदर्शक पूर्ण वेळ वर्गात बसतात का?
५. टीईटी-टेटच्या तयारीसाठी काही मदत मिळते का?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर शक्यतो सध्या तिथे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांकडून घ्या. माहितीपत्रकात ते छापलेलं नसतं.

बीएड म्हणजे नोकरीची हमी नाही, हे मान्य करूनच प्रवेश घ्या. पण शिकवायची मनापासून इच्छा असेल, प्रवेश कॅपमधून होत असेल आणि कॉलेज खरोखर वर्गात उभं करणारं असेल, तर ही दोन वर्षं वाया जात नाहीत. यातली एकही गोष्ट नसेल, तर फॉर्म भरण्याआधी थोडं थांबा.